करपलेला टोस्ट, लेकीचा प्रश्न आणि तपकिरी रंगाची भानगड

टोस्टरचा तो गोल खटका कुणीतरी ५ वर फिरवून ठेवला होता, मी न बघता दोन स्लाइस आत ढकलल्या आणि वॉशिंग मशीन लावायला गेले, परत येईस्तोवर स्वयंपाकघरात निळसर धूर आणि दोन काळे चौकोन. सवयीने सुरी घेतली, सिंकवर धरून खरवडायला लागले. लेक मागे उभी, वय वर्षं १२. म्हणाली, "आई, ते खाऊ नकोस, कॅन्सर होतो." कुणी सांगितलं तुला, तर म्हणे सगळ्यांना माहितीये. तेवढ्यात आतून सासूबाई, "काही होत नाही गं, आम्ही जन्मभर खाल्लं, आम्हाला काय झालं?" नवऱ्याने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

माझी पंचाईत वेगळीच. मी बायोकेमिस्ट्री शिकलेली, लग्नाआधी दोन वर्षं एका लॅबमध्ये रोज जेल ओतायचे. प्रोटीन वेगवेगळे करून बघायला जी जेली लागते ती ज्या पावडरीपासून करतात तिचं नाव ॲक्रिलामाइड. पांढरी, साखरेसारखी दिसणारी, आणि सर पहिल्याच दिवशी ओरडलेले की ग्लोव्हज घातल्याशिवाय डबीला हात लावलास तर लॅबबाहेर, कारण ती मज्जातंतूंवर परिणाम करते, कातडीतून आत जाते, आणि कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत आहे. मग एक दिवस कँटीनमध्ये टोस्ट खाताना एका सिनियरने सहज सांगितलं की हे जे तू खातेयस ना, यातपण तेच आहे. मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती.

म्हणजे लेकीला "काही होत नाही" म्हणणं मला जमेना आणि "हो, होतो कॅन्सर" म्हणणं तर साफच खोटं. तिला जे सांगितलं आणि सांगता सांगता मीच परत जे वाचून काढलं, ते इथे टाकतेय. लांबलंय, आधीच सांगते.

पहिल्यांदा ती बोगद्याची गोष्ट, कारण ती मला फार आवडते. स्वीडनच्या दक्षिणेला हालांडसोस नावाचा डोंगर आहे, त्यातून रेल्वेचा बोगदा खणत होते, आणि आत पाणी इतकं झिरपायचं की काम पुढे सरकेना. म्हणून भेगा बुजवायला एक रसायन भरलं, त्यात ॲक्रिलामाइड होतं. आत घट्ट बसायच्या ऐवजी ते पाण्याबरोबर बाहेर आलं. १९९७ ची गोष्ट. खालच्या बाजूला मासे मेले, चरणाऱ्या गायींचे पाय लुळे पडले, आणि बोगद्यातल्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या. झालं, मोठा गवगवा, काम बंद.

मग कामगारांचं रक्त तपासलं. ॲक्रिलामाइड शरीरात गेलं की रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतं आणि ती तांबडी पेशी जिवंत असेपर्यंत तिथेच राहतं, म्हणजे मागच्या तीनचार महिन्यांचा हिशोबच रक्तात लिहिलेला असतो. आता अशा तपासणीत तुलनेला साधी माणसं पण घ्यावी लागतात, ज्यांचा बोगद्याशी संबंध नाही अशी. तर ह्या साध्या माणसांच्या रक्तातसुद्धा ते सापडलं. कामगारांपेक्षा कमी, पण होतं. सगळ्यांच्यात होतं! हे कुठून आलं? पाण्यातून? हवेतून? स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेटा टोर्नक्विस्ट यांच्या टीमला शंका आली की हे खाण्यातून येत असणार, म्हणून त्यांनी उंदरांना तळलेलं खाद्य घातलं आणि बघितलं तर उंदरांच्या रक्तातला आकडा चढला. मग माणसाचं जेवण तपासायला घेतलं आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्नखात्याने जगाला सांगितलं की बटाट्याचे चिप्स, फ्रेंच फ्राईज, ब्रेड, बिस्किटं, सगळ्यात ॲक्रिलामाइड आहे आणि ते कुणी घातलेलं नाही, शिजवताना आपलं आपण तयार होतं. म्हणजे माणसाने विस्तवावर भाजून खायला सुरुवात केली तेव्हापासून आपण ते खातोय, कळलं फक्त २००२ मध्ये, तेही एक बोगदा गळला म्हणून.

(तो बोगदा शेवटी २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाला. कामाला सुरुवात १९९२ ला. रखडलेल्या कामांचा मक्ता काही आपल्याकडेच नाही.)

आता ते तयार कसं होतं. १९१२ साली लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच डॉक्टर-केमिस्टने बघितलं की अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं ते) आणि साखर एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होत जातं. आपण ज्याला खमंग म्हणतो, खरपूस म्हणतो, बेकरीच्या दारातून जो वास येतो, कॉफीचा वास, परतलेल्या कांद्याचा रंग, ह्या सगळ्यात ह्या मायार साहेबांच्या रिॲक्शनचा मोठा हात. ती नसती तर जेवण म्हणजे नुसतं उकडलेलं पांढरं काहीतरी. पण ह्याच रिॲक्शनला एक आडवाट आहे. अस्परॅजीन नावाचं एक अमिनो ॲसिड असतं (१८०६ मध्ये ॲस्परॅगसच्या रसात पहिल्यांदा सापडलं म्हणून ते नाव), ते ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजसारख्या साखरेबरोबर साधारण १२० अंशांच्या वर तापलं आणि आजूबाजूला पाणी कमी असलं की त्यातून ॲक्रिलामाइड सुटतं. बटाट्यात अस्परॅजीन भरपूर आणि साखरही आहे, म्हणून बटाटा पहिल्या नंबरात. गव्हातही असतं, कॉफीच्या बियांतही.

आणि हे १२० अंश लक्षात ठेवायचे, कारण पाणी १०० ला उकळतं आणि पाणी आहे तोपर्यंत पदार्थ त्याच्या फारसा वर जात नाही. म्हणून उकडलेल्या बटाट्यात, वाफवलेल्या भाजीत, शिजवलेल्या भातात ही भानगड जवळजवळ नाहीच. पाणी आटलं आणि बुडाला लागलं की मग सुरू. ब्रेडचंही तसंच, आतला मऊ भाग ओला असतो तो १०० च्या आसपासच राहतो, जे काय होतं ते वरच्या कडक कवचात होतं. म्हणून टोस्ट खरवडण्याला काहीतरी अर्थ आहे, अगदीच वेडेपणा नाही तो. पूर्ण जात नाही, कमी होतं.

इथे मला लेकीशी थोडी हुज्जत घालावी लागली, कारण तिच्या डोक्यात काळं म्हणजे विष आणि सोनेरी म्हणजे चांगलं असं पक्कं बसलेलं. आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा, तांबूस, लालसर, खरपूस, कडक, करपलेलं, जळकं, आणि सगळ्यात शेवटी कोळसा. आपण रेघ मारतो ती खरपूस आणि करपलेलं ह्यांच्या मधे, कारण तिथे चव बदलते, कडू लागायला लागतं. पण रसायनाला आपल्या जिभेचं काय पडलंय, ते तांबूसपासूनच सुरू झालेलं असतं आणि खरपूसपर्यंत चांगलं वाढलेलं असतं. जळकं कुणी आवडीने खात नाही, ताटात बाजूला काढतो नाहीतर कचऱ्यात टाकतो. वर्षाकाठी किती जळके टोस्ट खाल्ले असतील मी? आठ? दहा? आणि चिप्सची पाकिटं? बिस्किटं? कॉफी? ते मोजायची हिंमत नाही. तर पोटात जे ॲक्रिलामाइड जातं त्यातलं बहुतेक करपलेल्यातून येतच नाही, ते येतं छान सोनेरी दिसणाऱ्या, आपल्याला आवडणाऱ्या, रोज खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींतून. आपण घाबरतो काळ्याला आणि खातो तपकिरी.

कॉफीचा किस्सा तर अजून उलटा. बी भाजायला घेतल्यावर ॲक्रिलामाइड सुरुवातीलाच झपकन तयार होतं आणि पुढे भाजत गेलं की त्यातलं बरंचसं मोडूनही जातं, त्यामुळे फिक्या रोस्टमध्ये ते गडद रोस्टपेक्षा जास्त असू शकतं. म्हणजे जास्त काळं म्हणजे जास्त वाईट हा नियम इथे डोक्यावर उभा. आणि ह्याच कॉफीवरून कॅलिफोर्नियात कोर्टबाजी झाली, तिथे कायदाच आहे की कॅन्सरकारक यादीतलं काही असेल तर ग्राहकाला इशारा द्या, आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी कॉफी विकणाऱ्या कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला. शेवटी २०१९ मध्ये तिथल्या सरकारने नियम करून कॉफीला त्यातून वगळलं, कारण कॉफीवर इतका अभ्यास झालाय आणि कॉफी पिणाऱ्यांना त्यामुळे जास्त कॅन्सर होतो असं काही त्यात दिसत नाही. ॲक्रिलामाइड कपात आहे हे खरं, आणि कप पिऊन कॅन्सर होतो हे दिसत नाही हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे लेकीला पटवायला मला दहा मिनिटं लागली, सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

बरं मग कॅन्सर होतो की नाही? जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिने १९९४ मध्येच ॲक्रिलामाइडला २ए गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर बहुधा घडवणारं. लक्षात घ्या, १९९४, म्हणजे जेवणात सापडायच्याही आधी, तेव्हा फक्त कारखान्यातलं आणि प्रयोगशाळेतलं रसायन म्हणून. आणि हे गट कशाचे असतात हे फार लोकांना माहीत नसतं. ते धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत, पुरावा किती पक्का आहे तेवढंच सांगतात. गट १ मध्ये सिगरेट आहे आणि प्रक्रिया केलेलं मांस पण आहे, म्हणून सॉसेज खाणं आणि सिगरेट ओढणं सारखंच का? अजिबात नाही. दोन्हीबद्दल खात्री सारखी आहे, इजा सारखी नाही. आणि ह्याच २ए मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेय पिणंसुद्धा आहे, २०१६ पासून, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. आमच्या सासूबाई वाफाळता चहा एका घोटात संपवतात त्याबद्दल मात्र घरात कधी कुणी अवाक्षर काढत नाही.

२ए चा आधार मुख्यतः उंदीर-घुशींवरचे प्रयोग. शरीरात ॲक्रिलामाइडचं लिव्हरमध्ये ग्लायसिडामाइड नावाचं दुसरं रसायन होतं आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं, ही यंत्रणा माणसातही आहे, म्हणून तज्ज्ञ दुर्लक्ष करत नाहीत. पण प्रयोगातल्या प्राण्यांना दिलेला डोस आपल्या ताटातल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. माणसांवरच्या अभ्यासात चित्र धूसर आहे. नेदरलँड्समध्ये ६२ हजारांवर बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला त्यात, २००७ मध्ये, गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसला, पण नंतर दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांत तो तसा दिसला नाही. ह्यात एक मोठी गोची आहे ती म्हणजे लोकांना विचारून किती कळणार? तुम्ही आठवड्यातून किती वेळा टोस्ट खाता हे सांगाल, पण तो किती भाजलेला होता हे कोण लिहून ठेवतंय. एकाच पाकिटातल्या दोन चिप्समध्ये फरक असतो.

एक आकडेमोड मात्र मला फार उपयोगी वाटली. युरोपची अन्न सुरक्षा संस्था आहे, एफसा, तिने २०१५ मध्ये सगळं एकत्र करून मांडलं. प्राण्यांमध्ये गाठींचं प्रमाण थोडंसं पण मोजता येण्यासारखं वाढतं असा जो डोस निघाला तो शरीराच्या दर किलोमागे रोज १७० मायक्रोग्रॅम. आणि त्याच हिशोबात युरोपातला माणूस खातो वयोगटाप्रमाणे सरासरी ०.४ ते १.९ मायक्रोग्रॅम, जास्त खाणारा ३.४ पर्यंत. मोठा माणूस आणि तो डोस ह्यांच्यात सव्वाचारशे पटींचं अंतर, आणि भरपूर खाणाऱ्या लहान मुलात ५० पटींचं. ऐकायला ५० पट म्हणजे खूप वाटतं ना? पण डीएनएला हात लावणाऱ्या रसायनांच्या बाबतीत हे लोक १०,००० पटींचं अंतर मागतात, त्याच्या खाली असलं की "काळजीचं कारण नाही" असं म्हणायला तयार नसतात. म्हणून ते म्हणतात कमी करा, आणि म्हणून २०१८ पासून युरोपात कंपन्यांना ताडून बघायला एक पातळी घालून दिलीये (सक्तीची मर्यादा नाही), फ्रेंच फ्राईजना किलोला ५०० मायक्रोग्रॅम, चिप्सना ७५०, गव्हाच्या ब्रेडला ५०. मुलांचं अंतर कमी का, तर वजन कमी आणि वजनाच्या मानाने खाणं जास्त, शिवाय खातात तेही नेमकं हेच.

ब्रिटनमध्ये २०१७ च्या जानेवारीत सरकारी मोहीमच काढली की टोस्ट, बटाटे सोनेरी रंगावर थांबवा, तपकिरी नको. त्यावर आकडेशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी जाहीर टीका केली, की माणसांबाबत पुरावा एवढा कच्चा असताना लोकांना घाबरवायला मोहीम कशाला. मला दोघांचंही पटतं. पुरावा कच्चा आहे हे बरोबर, आणि टोस्ट अर्धा मिनिट आधी बाहेर काढायला खर्च शून्य आहे हेही बरोबर. फक्त एक गोष्ट, ज्या घरात कुणी सिगरेट ओढतं त्या घराने टोस्टवर चर्चासत्र भरवू नये. सिगरेट ओढणाऱ्याच्या रक्तातलं ॲक्रिलामाइड न ओढणाऱ्याच्या तिप्पट ते पाचपट असतं. टोस्ट कुठे राहिला मग.

आता मांस आणि मासे. इथे मी सासूबाईंच्या पार्टीतून उठून लेकीच्या शेजारी जाऊन बसते, कारण हे प्रकरण वेगळं आहे आणि लोक सगळं एकाच पिशवीत कोंबतात. मांसात ॲक्रिलामाइड फारसं होत नाही, तिथे रसायनांची दुसरी दोन कुटुंबं आहेत.

एक जुनं कुटुंब, धुराचं. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने लिहून ठेवलं की धुराड्यांमध्ये चढून काजळी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. सहासात वर्षांची पोरं चढवायचे त्या काळी, वाचवत नाही. मग १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा ह्या दोघांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून तिथे कॅन्सर करून दाखवला, आणि १९३३ मध्ये लंडनच्या एका टीमने दोन टन डांबर उकळून गाळून त्यातून नेमकं एक रसायन वेगळं काढलं, बेन्झोपायरिन. आज ते गट १ मध्ये आहे, म्हणजे पक्का गुन्हेगार. हेच निखाऱ्यावर भाजताना तयार होतं. मांसातली चरबी ठिबकून खाली विस्तवात पडते, भपकन ज्वाळ उठते, धूर वर येतो आणि तो धूर मांसावर बसतो. म्हणजे मांस जळण्यापेक्षा खाली पडलेली चरबी जळते ती जास्त नडते.

दुसरं कुटुंब नवीन, ते ताकाशी सुगिमुरा यांनी शोधलं, टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात, १९७० च्या दशकात. त्यांनी भाजलेल्या माशाचा धूर गोळा केला, वरची करपलेली खपली खरवडून घेतली आणि एम्स टेस्टमध्ये घातली. ही टेस्ट म्हणजे असे जीवाणू घ्यायचे ज्यांचा एक जीन बिघडलेला आहे, आणि तुमचं रसायन घातल्यावर तो किती जणांत परत बदलतो ते मोजायचं, जितके जास्त बदलले तितकं ते रसायन डीएनएशी खेळणारं. माशाच्या खपलीने आकडा असा काही वर नेला की त्यातलं बेन्झोपायरिन मोजून हिशोब लागेना, म्हणजे अजून काहीतरी होतं. तीच ती हेटरोसायक्लिक अमाइन्स, स्नायूंमधलं क्रिएटिन आणि अमिनो ॲसिड मोठ्या आचेवर एकत्र आले की होणारी. म्हणून ती मांस-माशातच होतात, भाजी करपली तर नाही, कारण भाजीला कुठले स्नायू.

ह्यांचेही प्राण्यांमधले डोस हजारो पटींचे होते आणि माणसांवरचे अभ्यास सगळे एका सुरात बोलत नाहीत, पण काही अभ्यासांत जास्त भाजलेलं, तळलेलं मांस भरपूर खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त दिसलाय. त्यात लाल मांस स्वतःच २ए मध्ये आहे, कसंही शिजवा. म्हणून इथे मी थोडी कडक आहे. करपलेला भाग कापून टाकायचा, तव्यात किंवा ट्रेमध्ये जो काळपट रस उरतो त्याची ग्रेव्ही करायची नाही. नवऱ्याला ग्रिलची भारी हौस आणि त्याची पद्धत म्हणजे एकदा ठेवलं की हात लावायचा नाही, "चांगला डाग पडू दे". मी सांगितलं की सारखं उलटत राहिलं की ही अमाइन्स पुष्कळ कमी होतात, आधी मसाला लावून मुरवलं तरी कमी होतात, आधी दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये फिरवून निघालेला रस टाकून दिला तरी खूप कमी होतात. मुरवणं पटलं. मायक्रोवेव्हचं नाव काढल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या बापजाद्यांचा अपमान केला.

मध्येच सासूबाईंनी आपला हुकमी एक्का टाकला, "अगं कोळसा पोटाला चांगला असतो, दवाखान्यात सुद्धा देतात." देतात, खरं आहे, विषबाधेत देतात. पण तो ॲक्टिव्हेटेड चारकोल, त्याला वाफेने वगैरे इतकी बारीक छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मावतो, विष जाऊन चिकटतं ते त्या पृष्ठभागाला. करपलेल्या टोस्टला असलं काही नसतं. तरी ही समजूत त्यांची एकटीची नाही हं, पूर्वी प्रथमोपचारात खरंच एक सार्वत्रिक उतारा सांगायचे, करपलेला टोस्ट, कडक चहा आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया, कुणी विष प्यायलं की हे पाजा. उपयोग नाही म्हणून सोडून दिलं. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, म्हणजे सांगायचे ना!"

एक गोष्ट जिच्याबद्दल कुणीच विचारलं नाही आणि मला सगळ्यात जास्त तीच खटकते, ती म्हणजे भांडं. पदार्थ करपतो तेव्हा भांडंही तापलेलं असतं. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांच्या वर मोडायला लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला तर काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्या वाफेने माणसाला ताप, अंगदुखी, थंडी, अगदी फ्लूसारखं होतं, आणि घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर ते मरूही शकतात, त्यांची फुप्फुसं फार नाजूक. तेल जळलं की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, ते ॲक्रोलीन नावाच्या रसायनामुळे. मोठ्या आचेवर तळताना निघणारा धूर हाही आयएआरसीच्या २ए मध्ये आहे. म्हणजे टोस्ट खावा की टाकावा ह्यावर आपण अर्धा तास भांडलो आणि तो धूर सगळ्यांनी मिळून फुप्फुसात भरून घेतला, खिडकी कुणीच उघडली नाही. मीही नाही.

आमच्याकडे बदललंय ते थोडंच. बटाटे तळायच्या किंवा ओव्हनमध्ये घालायच्या आधी चिरून अर्धा तास पाण्यात ठेवते, वरची साखर आणि अस्परॅजीन थोडं पाण्यात उतरतं, मग नीट पुसून घेते नाहीतर तेल अंगावर उडतं. रंग तांबूस दिसला की बंद. तळणाचा बेत वरचेवर असेल तर उकडलेला बटाटा पण चालतो की, हे वाक्य घरात अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. दूध लागलं तर मी टाकून देते, ते आरोग्यासाठी नाही, त्या वासाचं काही करता येत नाही म्हणून. भात लागला तर वरचा काढून घेते आणि खालचा भांड्यासकट भिजत घालते. आणि महिन्यातून कधी एखादा टोस्ट करपला तर खरवडून खाते, लेकीसमोर, मुद्दाम.

तिने शेवटी विचारलं, "मग आई, तू लॅबमध्ये ग्लोव्हज का घालायचीस?" म्हटलं तिथे डबीत पाव किलो होतं बाई, इथे एका स्लाइसमध्ये मायक्रोग्रॅममध्ये मोजायची वेळ येते. एका ग्रॅमचे दहा लाख तुकडे कर आणि त्यातले पाचदहा घे, तेवढं. ती जरा वेळ गप्प बसली, मग टोस्टरकडे गेली आणि खटका ३ वर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परत ५ वर. सासूबाई टोस्ट चहात बुडवत होत्या, चांगला काळपट. "मला कडकच लागतो गं," म्हणाल्या, "मऊ टोस्ट चहात पडतो."